लोणारचें गुलाबी पाणी

(वाचनपाठ: दानीएल, अध्याय 3)



बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें अशनिपातानें झालेल्या विवरांत एक सरोवर आहे. त्याचें पाणी खारट व क्षारयुक्त. 2020 सालच्या जून महिन्यांत तें एकाएकीं गुलाबी झालें. कोणी भ्यालें, कोणी नवल मानिलें. आमच्या पुणे शहरांतील आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासलें, तेव्हां हा रंग हालोआर्किया नांवाच्या सूक्ष्म जीवांचा आहे असें कळलें.

लोणच्यांत मीठ भरपूर घातलें म्हणजे तें टिकतें. कारण कुजविणाऱ्या जंतूंच्या शरीरांतलें पाणी मीठ शोषून घेतें. परंतु ह्या जीवांच्या अंतरींच क्षार भरलेला असल्यामुळें बाहेरच्या मिठाचें त्यांजवर कांहीं चालत नाहीं. उलट गोड्या पाण्यांत ते फुटून मरतात! ते त्या वर्षींच उत्पन्न झाले असें नव्हे. पाणी आटलें, खारटपणा वाढला, आणि जें आधींच होतें तें बहुत वाढून डोळ्यांस दिसलें.

एक उपदेशकबंधु आम्हांस म्हणाले, “पाळकसाहेब, त्या गांवीं दहा वर्षें झालीं, पण मंडळी तीन घरांचीच राहिली. मला दुसरीकडे पाठवा.” आम्हांस तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. पुढें उन्हाळ्यांत गांवच्या विहिरी आटल्या. ज्यांच्या वडिलांस एके काळीं पाणवठ्यावर मज्जाव होता, त्या तीन घरांनीं आपली विहीर साऱ्या गांवास मोकळी केली. दहा वर्षांचें पेरलेलें त्या एका उन्हाळ्यानें दाखविलें. उपदेशकांनीं बदलीचा विषय पुन्हा काढिला नाहीं.

अन्याय मुकाट्यानें सोसावा, असें आम्ही म्हणत नाहीं; दाद अवश्य मागावी. आणि आम्ही कांहीं त्या जीवांसारखे उपजतच कणखर नाहीं. शद्रख, मेशख व अबेद्नगो हेही मातीचेच होते. त्यांची भट्टी विझली नाहीं. पण तींत ते तिघेच नव्हते, चौथा सोबत होता. आमचें बळ तेंच.

तर बंधूंनो, आपला गांव खारट आहे म्हणून खचूं नका. ज्या देवानें लोणारच्या पाण्यांत जीवन ठेविलें, तो तुमच्या तीन घरांस विसरला नाहीं. आमेन.