संकष्टी आणि अर्धशिशी

चि. मृण्मयीस,


तुझी यादी वाचली. दही बंद, टोमॅटो बंद, तूरडाळ बंद. शेंगदाणे, लिंबू, चॉकलेट, सगळंच बंद. आता ताटात उरलं काय गं? आणि एवढं करून डोकं उठायचं ते उठतंच आहे. रुग्णालयाच्या आहार विभागात नोकरी केली तेव्हा अशा याद्या घेऊन येणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांना सांगायचे तेच तुला सांगते: अर्धशिशीत अमुक पदार्थ जितका बाधतो, त्याहून जास्त बाधतं ते वेळेवर न जेवणं.

तूच लिहिलं आहेस की मागच्या दोन्ही संकष्ट्यांना संध्याकाळी डोकं धरलं. दिवस आठवून बघ. सकाळी चहा, दुपारी कामाच्या गडबडीत वाटीभर साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदय होईपर्यंत काही नाही, आणि चंद्रोदय म्हणजे नऊ-साडेनऊ. सहाच्या सुमारास कपाळाची एक बाजू ठणकायला लागली, उजेड सहन होईना, मळमळलं. घरात सगळे म्हणाले, साबुदाण्याने पित्त झालं. बिचारा साबुदाणा! मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणं आहेत. त्या वेळी जठराचं कामही मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. उपासाने डोकं दुखणं काही आपलीच मक्तेदारी नाही. यहुदी लोकांच्या योम किप्पूरच्या उपासाला होणाऱ्या डोकेदुखीचा डॉक्टरांनी रीतसर अभ्यास केला आहे.

सासूबाईंना कसं सांगायचं हा तुझा खरा प्रश्न, मला कळतं. उपास मोड असं मी म्हणत नाही. दर तीन-चार तासांनी काहीतरी खा: राजगिऱ्याचा लाडू, ताक, केळं, भाजलेले दाणे. पाणी पीत राहा. तेवढं करूनही डोकं उठलंच, तर संकष्टी सोडायची. गणपतीला त्याचं काही वाटणार नाही, सासूबाईंना चार दिवस वाटेल.

आता रविवारच्या डोकेदुखीचं. रोज साडेसहाला उठून दोन कप चहा घेणारी तू रविवारी दहाला उठतेस, म्हणजे झोप बदलली, चहा लांबला आणि नाश्ताही लांबला. रोजच्या चहा-कॉफीची सवय असलेल्या शरीराला कॅफीन मिळालं नाही की डोकं दुखतं. सुटीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभराहून जास्त सरकू देऊ नकोस. चहा कमी करायचा असेल तर एकदम सोडू नकोस, दर चार-पाच दिवसांनी अर्धा कप कमी कर. आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं उलटून वाच, काहींमध्ये कॅफीनही असतं.

चॉकलेटला मात्र तू उगाच बदनाम केलंस. बऱ्याच जणांना झटका यायच्या आदल्या दिवशी जांभया येतात, मान आखडते, आणि गोड खावंसं वाटतं. झटका आत सुरू झालेला असतो, म्हणून चॉकलेटची आठवण होते. चॉकलेट खाल्लं म्हणून तो आला असं नेहमीच नसतं. चीजची कथा जुनी आहे. एडा हॅनिंग्टन या ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनी 1967 मध्ये मुरलेल्या चीजमधल्या टायरामीन या द्रव्याकडे बोट दाखवलं. पुढच्या चाचण्यांत कुठे ते खरं ठरलं, कुठे नाही. ताज्या पनीरला त्यात ओढू नकोस. दारू, विशेषतः रेड वाइन, बऱ्याच जणांना बाधते, तो तुझा प्रश्न नाही.

यादी करायचीच असेल तर अशी कर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितेस ना, त्याच चौकोनात डोकं उठलं की फुली मार, शेजारी लिही: जेवण किती वाजता, झोप किती, पाळीचा कितवा दिवस, गोळी घेतली का. दोन-तीन महिने झाले की बघ. एखादा पदार्थ पुन्हा पुन्हा फुलीच्या आदल्या दिवशी दिसला, तर तो एकच महिनाभर बंद कर. सगळे एकदम नाहीत. फुल्यांपेक्षा गोळ्यांकडे जास्त लक्ष दे: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, की गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मिश्र गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात.

काय वाढवावं याबद्दलही थोडं. 2021 साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला: 182 माणसं, 16 आठवडे. तेलकट मासे वाढवले आणि मका-सूर्यफुलासारखी तेलं कमी केली, तेव्हा डोकेदुखीचे दिवस महिन्याला चारच्या आसपास घटले. तुमच्याकडे बांगडा, तारली येतेच, आठवड्यातून दोन-तीनदा खा. जवसाची चटणी चांगलीच, पण तिला माशांची बरोबरी देता येत नाही.

आणि हो, अचानक विजेसारखी असह्य कळ आली, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती गेली किंवा तापासोबत मान आखडली, तर आहाराचा विचार करत बसू नकोस, थेट रुग्णालयात जा.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मॅग्नेशियम आणि रिबोफ्लेविनबद्दल विचार. रिबोफ्लेविन रोज 400 मिलिग्रॅम देतात, गुण यायला तीन महिने लागतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर तेही आधी सांग. रिबोफ्लेविनच्या गोळ्यांनी लघवी गडद पिवळी होते, तेव्हा कावीळ झाली म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस.

तुझी,
मावशी