वारशावरचा बोजा

घारापुरीचे बेट पाहावयास किती वेळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर पर्यटन-व्यवसायाने केव्हाच निश्चित करून ठेवले आहे : अर्धा दिवस. सकाळी गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँच सुटते, तासाभरात बेटाला लागते, पायऱ्यांची चढण चढून माणसे मुख्य लेण्यात पोहोचतात आणि दुपारच्या जेवणाला मुंबईत परततात. ज्यांना गर्दीबरोबर हिंडणे नको असते त्यांच्यासाठी खासगी मार्गदर्शक असतो. तो केवळ तुमच्या कुटुंबासाठी चालतो, तुमच्या भाषेत बोलतो आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पायरीवर थांबतोही. परदेशातून सुटीवर आलेल्या नातलगांना घेऊन आपल्या वसईकडील कुटुंबे अशा सहली काढतात. ही गोष्ट चांगलीच आहे. दाराशी असलेले वैभव आपणच पाहिले नाही, तर आपल्या मुलांना ते कोण दाखविणार? मात्र ख्रिस्ती कुटुंबाच्या या सहलीत एक प्रश्न नेहमी बरोबर येतो. त्याला तिकीट लागत नाही, आणि बहुधा त्याला कोणी बोलतेही करीत नाही.

लेण्यात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास थोडा वेळ लागतो. मग समोरच्या भिंतीतून सुमारे १८ फूट उंचीचा त्रिमुख सदाशिव हळूहळू प्रकट होतो. मध्यभागी मिटलेल्या पापण्यांची शांत मुद्रा, एका बाजूस उग्र मुख, दुसऱ्या बाजूस कोमल. हे लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. प्रार्थनेची सवय असलेल्या कोणाही माणसाला या मुद्रेसमोर आवाज खाली आणावासा वाटतो, मग त्याची प्रार्थना कोणत्याही नावाने चालत असो. हे आम्ही संकोच न बाळगता लिहितो. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली घेतली, ती काही केवळ ईशज्ञानाच्या विद्यालयांसाठी नव्हती.

सदाशिवावरून नजर बाजूला वळली, की दुसरी गोष्ट दिसू लागते. नटराजाचे हात तुटलेले आहेत. अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाचा कमरेखालचा भाग जवळजवळ नाहीसा झाला आहे. रावण कैलास हलवतो त्या शिल्पात कोण कोठे होते हे सांगावे लागते. हे कोणी केले, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका कुटुंबाबरोबर आम्ही बेटावर होतो. मार्गदर्शक तरुण होता, जाणकार होता. लाँचमध्येच त्याने आडनावे विचारून घेतली होती, आणि आत्याबाईंच्या गळ्यातला क्रूसही त्याच्या नजरेतून सुटला नसावा. नटराजापाशी येऊन तो म्हणाला, "काळाच्या ओघात इथे बरीच पडझड झाली," आणि पुढे चालू लागला. आठवीतला मुलगा मागेच राहिला. त्याने विचारले, "दादा, हे पोर्तुगीजांनी फोडलं ना?" मार्गदर्शकाने उत्तर दिले नाही, तो घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहू लागला. ती शांतता आत्याबाईंनी मोडली. "सांगा हो भाऊ," त्या म्हणाल्या, "जे असेल ते सांगा. आम्ही ऐकायलाच आलोत."

त्या तरुणाचे मौन हे सौजन्य होते, यात शंका नाही. पाहुण्याचे मन दुखवू नये ही आपल्या मातीची रीत आहे. पण खासगी मार्गदर्शकाचे हेच अवघड असते. पन्नास जणांच्या घोळक्याला जे सांगायचे ते सर्वांना सारखेच सांगावे लागते. एकट्या कुटुंबापुढे मात्र गोष्ट बेतून देता येते. गिऱ्हाइकाच्या अंगाला जेथे टोचेल तेथे शिंपी कापड सैल सोडतो, तसे. एका कुटुंबासाठी पोर्तुगीज गाळले जातात, दुसऱ्यासाठी अधिक काळे रंगविले जातात. दोन्ही कुटुंबे संतुष्ट होऊन बोटीत बसतात. म्हणून आम्हांस वाटते, की येथे नैतिक प्रश्न सांगणाऱ्याचा कमी आणि ऐकणाऱ्याचा अधिक आहे : आपल्यासाठी म्हणून सौम्य केलेले सत्य आपण स्वीकारावे काय?

प्रथम घडले काय, हे पाहू. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई व तिच्या अमलाखालील मुलूख पोर्तुगिजांना दिला. बेटावर उतरण्याच्या जागी दगडी हत्ती होता, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. गार्सिया दा ओर्ता हा वैद्य व वनस्पतींचा अभ्यासक त्याच साली येथे येऊन गेला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या लेण्याची वाखाणणी केली आहे आणि आत शिरणाऱ्या गुराढोरांनी ते खराब झाल्याचेही लिहिले आहे. जुआंव द कास्त्रो, जो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला, त्यानेही हे लेणे बारकाईने पाहून त्याचे कौतुकाने वर्णन केले. म्हणजे पाहणारे डोळे त्यांच्यातही होते. परंतु दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकारानेच हेही नोंदविले आहे, की लेण्यातील एक कोरीव शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तेथे तो कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे तो नाहीसा झाला.

ही हानी आम्हांस तुटलेल्या हातांहूनही मोठी वाटते. हात तुटला तरी नटराजाचे नृत्य ओळखू येते. तो लेख गेला आणि त्याबरोबर हे लेणे कोणी, कोणासाठी, केव्हा कोरविले हे त्याच्याच शब्दांत कळण्याची आशा गेली. आज अभ्यासक नाण्यांवरून आणि शैलीवरून कलचुरी राजांचे नाव घेतात, तो तर्क आहे.

पोर्तुगीज सैनिकांनी मूर्तींवर नेम धरून गोळ्या झाडल्या, असे सर्रास सांगितले जाते. त्यांच्या अमलात लेण्याची मोठी हानी झाली हे मान्यच करावे लागते. तथापि सारी मोडतोड एकाच हाताची नव्हे. खडकातून झिरपणारे पाणी, शतकांचे दुर्लक्ष, ओर्ताने पाहिलेली गुरे, या सर्वांचा त्यात वाटा आहे. त्या दगडी हत्तीचे तुकडे झाले ते १८६४ साली, इंग्रज त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलीत असताना. १९१४ साली सांधलेला तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत अजून उभा आहे. अपराध हलका करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. पापनिवेदनाच्या वेळी न केलेले पाप सांगणे हीदेखील नम्रता नव्हे. जे घडले ते, आणि जेवढे घडले तेवढेच, असे सांगता आले तर त्या सांगण्याला वजन येते.

घारापुरीबाबत अशी वजाबाकी करता येते. बोरिवलीच्या मंडपेश्वराबाबत ती करता येत नाही. बोरिवली आज मुंबईत मोडते, पण हा भाग जुन्या साष्टी बेटाचा. येथले शिवाचे लेणे सोळाव्या शतकात आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ख्रिस्तमंदिर केले आणि टेकडीवर मठ उभा राहिला. आत एका भिंतीवरील मूळ शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही स्पष्ट दिसतो. तेथे कोणताही शिपाई नेमबाजी करीत नव्हता. जे झाले ते श्रद्धेने, देवाची सेवा समजून झाले. म्हणूनच त्याचा विचार अधिक अवघड आहे. ज्या चिन्हापुढे आपण गुडघे टेकतो तेच चिन्ह येथे दुसऱ्याच्या देवावर कोरलेले आहे. जवळच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसाला खाली लेण्यात जाऊन हा क्रूस पाहता येतो. त्याने त्याकडे कोणत्या मनाने पाहावे?

यावर आपल्यात साधारणतः दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे : "ते परके राज्यकर्ते होते. आमचे पूर्वज कोळी, शेतकरी, कारागीर. आम्ही काय केले?" या उत्तराला बायबलचा आधार आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. दुसरे उत्तर दानिएलच्या नवव्या अध्यायात सापडते. हा दानिएल पूर्वजांच्या अपराधांबद्दल प्रार्थना करतो तेव्हा 'त्यांनी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. दोन्ही ग्रंथ एकाच जुन्या करारात आहेत, आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडलेले नाही.

या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर आपल्या शेतकरी कुटुंबांना ग्रंथांत शोधण्याची गरज नाही; ते सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आहे. बाप कर्ज काढून वारला, तर त्या कर्जासाठी मुलगा गुन्हेगार ठरत नाही. परंतु बापाची वाडी त्याने घेतली, तर उताऱ्यावरचा बोजाही त्याच्याकडे येतो, आणि तोही मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत. वाडी माझी आणि बोजा मात्र परलोकवासी वडिलांचा, असे तलाठ्यापुढे कोणी म्हणत नाही. मग इतिहासापुढे आपण तसे का म्हणावे? चारशे वर्षांच्या धर्मग्रामाचा सण आपण बँड लावून साजरा करतो. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव अभिमानाने घेतो. बाप्तिस्मा, आडनावे, चर्चच्या वेदीवरील लाकडी कोरीवकाम, हे सारे त्याच गलबतांतून आलेले धन आहे आणि ते आपण नाकारलेले नाही, नाकारूही नये. ज्या उताऱ्यावर हे धन आहे, त्याच उताऱ्यावर मंडपेश्वराचा बोजाही आहे.

आपल्या ख्रिस्तसभेने हा भेद अधिक काटेकोर शब्दांत मांडला आहे. २००० सालच्या ज्युबिली वर्षात, १२ मार्च रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्ती लोकांच्या गतकाळातील अपराधांबद्दल क्षमायाचना केली. इतर लोकांचे हक्क, त्यांच्या संस्कृती आणि त्यांचे धर्म यांचा अनादर, हा त्यातील एक स्वतंत्र भाग होता. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या ईशज्ञान आयोगाच्या लेखात म्हटले आहे, की कृत्याची वैयक्तिक जबाबदारी करणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, ती वंशपरंपरेने येत नाही. मात्र त्या कृत्याचे परिणाम आणि त्याची स्मृती पुढच्यांपर्यंत येते. आमच्या शेतकऱ्याच्या भाषेत, कर्ज काढल्याचा दोष नाही, पण बोजा आहे.

एका भीतीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण ती खरी आहे. सोळाव्या शतकातील राज्यकर्त्यांचा जाब आजच्या ख्रिस्ती माणसाकडून मागणारे लोक आहेत. आपण कबुली दिली तर तीच आपल्यावर उगारली जाईल, असे अनेकांना वाटते. जो जाब मागतो त्याला यहेज्केलचा अध्याय जरूर दाखवावा. परंतु जो केवळ विचारतो, की येथे काय घडले, त्याला तोच अध्याय पुढे करून गप्प बसविणे म्हणजे संदेष्ट्याला आपला वकील करणे होय. आठवीतला मुलगा जाब मागत नव्हता.

शिवाय वारशाची आणखी एक बाजू आहे, ती आपण क्वचितच बोलतो. बाप्तिस्मा घेण्यापूर्वीही आपल्याला पूर्वज होते. उत्तर कोकणातील लेण्यांच्या दगडावर ज्यांनी छिन्नी चालविली, ज्यांनी तेथे फुले वाहिली, त्यांच्यात आपल्या रक्ताचे कोणी नव्हते असे कोण छातीठोकपणे सांगेल? त्या अर्थाने घारापुरीतील हानी ही आपलीही हानी आहे.

आणि आता उलट दिशेनेही पाहू. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील चर्चे ओस पडली, पुढच्या दुर्लक्षाने ती ढासळली, आणि तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया अजून दिसते. आमचे काही तरुण मित्र हौसेने वसईचा किल्ला पाहुण्यांना दाखवितात. पुण्याचे कुटुंब आले, की त्यांचीही जीभ १७३९ पाशी थोडी अडखळते, आणि चर्चे 'काळाच्या ओघात' पडतात. या मित्रांना आमचे सांगणे आहे, की पाहुण्यांना तारीख सांगावी, घंटांचे सांगावे, आणि घारापुरीच्या शिलालेखाचेही त्याच बैठकीत सांगावे. मेणवलीची घंटा परत मागावी, असे आपल्यातील काही जण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. ती जेथे आहे तेथे लोकांनी तिचा मान राखला आहे. तिच्याजवळ उभ्या राहणाऱ्या शाळकरी मुलांना ती कोठून आली हे कोणीतरी सांगावे, इतकेच आमचे मागणे आहे. आणि मंडपेश्वराच्या क्रूसापाशी ते काम आपल्या धर्मग्रामांतील शिक्षकांनी करावे.