मालिका कुठे रेंगाळते

जपानी टीव्हीचं वर्ष चार हंगामांत वाटलेलं असतं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर उजाडला की नव्या अ‍ॅनिमे मालिकांचा लोंढा येतो. एकेका हंगामात त्या डझनांनी सुरू होतात. बहुतेकींचं आयुष्य बारा-तेरा भागांचं, आठवड्याला एक भाग. तोक्योत मध्यरात्रीनंतर दाखवलेला भाग त्याच दिवशी पुण्यात किंवा मडगावात मोबाइलवर सबटायटल्ससह बघता येतो. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात जपानी प्रेक्षकाला जी निवड करावी लागते, तीच इथल्या प्रेक्षकालाही करावी लागते. सगळंच पाहणं कुणाला शक्य नसतं. पहिला भाग बघायचा आणि ठरवायचं, हीच रीत.

तो पहिला भाग असतो साधारण २४ मिनिटांचा. त्यातलं दीड मिनिट सुरुवातीच्या गाण्याचं, दीड मिनिट शेवटच्या. हाती उरतात २१ मिनिटं. एवढ्यात मालिकेबद्दल खरोखर काय कळू शकतं? मला वाटतं, एकच गोष्ट भरवशाने कळते. ती सोडून आपण सहसा दुसऱ्याच गोष्टी बघत बसतो.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते चित्र, आणि त्याचाच भरवसा सगळ्यात कमी. टीव्हीसाठीच्या अ‍ॅनिमेचं काम पुष्कळदा मालिका सुरू झाल्यावरही चालूच असतं. पहिल्या भागाला सर्वांत जास्त वेळ मिळालेला असतो. त्याचा स्टोरीबोर्ड बहुधा मुख्य दिग्दर्शक स्वतः काढतो आणि स्टुडिओतले हातखंडा अ‍ॅनिमेटर त्याच भागावर बसवलेले असतात. पुढे आठवड्यागणिक मुदत अंगावर येत जाते. कधी कधी तर नवा भाग वेळेत होत नाही, मग जुन्या दृश्यांची जुळवाजुळव करून आतापर्यंतच्या कथेचा सारांश दाखवला जातो. ही ओढाताण आतून समजून घ्यायची असेल तर २०१४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ‘शिरोबाको’ जरूर पाहावी. अ‍ॅनिमे कसा तयार होतो यावरच ती मालिका आहे, आणि फाइल घेऊन धावणाऱ्या निर्मिती साहाय्यकाबद्दल तिच्याइतकी माया दुसऱ्या कुठल्या मालिकेला असेल असं मला वाटत नाही. सांगायचा मुद्दा हा, की पहिल्या भागातली देखणी हालचाल आठव्या भागात टिकेलच, असं मानायला आधार नाही.

मग कथा? तीही फसवते, आणि कित्येकदा मुद्दाम. २०१५ च्या जुलैत आलेल्या ‘गाक्को गुराशी’चा पहिला भाग शाळेतच राहणाऱ्या चार मैत्रिणींचा गोडगोड दिनक्रम दाखवत जातो. शेवटच्या काही क्षणांत उलगडतं की बाहेरचं जग झॉम्बींनी संपवलंय आणि आपण आतापर्यंत जे पाहिलं ते एका मुलीच्या भ्रमातून पाहिलं. २०११ च्या जानेवारीतल्या ‘मादोका माजिका’ने याहून जास्त धीर धरला. गोल चेहऱ्यांच्या, रंगीत पोशाखांच्या जादुई मुलींची गोष्ट म्हणून लोक ती बघत राहिले आणि तिसऱ्या भागात एका मुख्य पात्राचा असा मृत्यू झाला की त्या गोडव्याचा पुन्हा कुणाला विश्वास वाटला नाही. नव्या मालिकेला तीन भाग तरी द्यावेत, या प्रेक्षकांच्या अलिखित नियमाचा दाखला म्हणून आजही हीच मालिका सांगितली जाते.

निर्मात्यांनाही एका भागाची धास्ती वाटते, हे अलीकडे वारंवार दिसतं. २०१९ मध्ये ‘डेमन स्लेयर’चे पहिले पाच भाग टीव्हीवर येण्यापूर्वी चित्रपटगृहांत दाखवले गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘ओशी नो को’ तब्बल ९० मिनिटांच्या पहिल्या भागाने सुरू झाली, कारण जिथून खरी कथा निघते ती घटना मूळ मांगाच्या पहिल्या खंडाच्या शेवटाला आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ‘फ्रीरेन’चे पहिले चार भाग निप्पॉन टीव्हीने शुक्रवारच्या चित्रपटाच्या वेळेत सलग दोन तास दाखवले. एरवी त्या वेळेला मोठे सिनेमे लागतात.

चित्र टिकेल याची खात्री नाही आणि कथा वळण घेणार. तर मग या पहिल्या भेटीत लपवता न येणारं काय असतं? मालिका वेळ कसा खर्च करते, ते. कुठे ती घाईने पुढे जाते, कुठे रेंगाळते, कशासाठी थांबायला तयार असते. लेखक कथेचं वळण दडवून ठेवू शकतो. पण २१ मिनिटांतली कुठली मिनिटं कशाला दिली, हे दडवता येत नाही, कारण ती मिनिटं आपण त्याच्यासोबत बसून घालवलेली असतात.

१९७४ चं साल यासाठी फार बोलकं आहे. त्या जानेवारीत फुजी टीव्हीवर रविवारी संध्याकाळी साडेसातला ‘हायडी’ सुरू झाली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. दृश्यरचनेची जबाबदारी पुढे जगभर नाव झालेल्या हायाओ मियाझाकींकडे. पाच वर्षांच्या अनाथ हायडीला तिची मावशी आल्प्समध्ये एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे सोडायला निघाली आहे. पहिल्या भागाचा मोठा हिस्सा म्हणजे ती चढण. पोरीच्या अंगावर कपड्यांचे थर चढवलेत, कारण सामान वाहण्यापेक्षा अंगावर घालून नेणं सोपं. ऊन लागतं, घाम येतो, चाल मंदावते. मग शेळ्या राखणारा पीटर भेटतो, आणि एका क्षणी हायडी ते सगळे थर उतरवून हलक्या अंगाने शेळ्यांमागे धावत सुटते. कथा म्हणून सांगायचं तर एक मुलगी डोंगर चढली, एवढंच झालं. पण ताकाहातांनी त्या चढणीला तिचा पुरता वेळ दिला. मियाझाकी आणि सहकाऱ्यांसह ते आधी स्वित्झर्लंडला जाऊन ती गवतं, ती घरं, तो उजेड पाहून आले होते. आता ५२ आठवडे काय मिळणार, हे त्या चढणीतच दिसतं: वितळणारं चीज, वाऱ्याचा आवाज, ऋतू बदलायला लागतो तितका वेळ.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्याच रविवारी, त्याच साडेसातच्या वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ सुरू झाली. तिची सुरुवातच पराभवाने होते. पृथ्वीचं आरमार प्लूटोजवळ मोडून पडतं. किरणोत्सारी बाँबच्या वर्षावाने पृथ्वी लाल, कोरडी झाली आहे आणि माणसं जमिनीखालच्या शहरांत दडली आहेत. विष तिथेही झिरपू लागलंय. एक लाख अठ्ठेचाळीस हजार प्रकाशवर्षं दूर असलेल्या इस्कंदर ग्रहावरून उपाय आणायचा, तोही वर्षाच्या आत. भाग संपताना माणसांच्या हाती किती दिवस उरले, ते प्रेक्षकाला सांगितलं जाई. इथला प्रत्येक क्षण मुदतीतून वजा होणारा आहे. कुणी क्षणभर आकाशाकडे बघत उभं राहिलं, तरी तेवढा वेळ कुणाच्या तरी वाट्याचा कमी होतो, ही जाणीव मालिकाभर पिच्छा सोडत नाही.

एकाच संध्याकाळी, एकाच तासाला, दोन वाहिन्यांवर दोन वेगळे काळ चालले होते. एकात दिवस भरत जातात, दुसऱ्यात सरत जातात. प्रेक्षकसंख्येत ‘यामातो’ हरली. ३९ भागांची योजना २६ वर आटोपली. पुढे पुनःप्रक्षेपणात तिला तिचा प्रेक्षक सापडला आणि १९७७ मध्ये त्याच भागांतून जोडलेला चित्रपट गाजला. तेव्हा पहिल्या फेरीतला आकड्यांचा निकाल खोटा ठरला, असं म्हणता येतं. पण मालिकेचा स्वभाव पहिल्या रविवारीही तोच होता. ज्याने टीव्हीसमोर बसून तो भाग पाहिला, त्याला ही मालिका आपल्याला कुठल्या काळात नेऊ पाहतेय ते कळलं असणारच, मग ती त्याला आवडो वा न आवडो.

(नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या पिढीने दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेला ‘मोगली’ हा ‘हायडी’च्या घराण्यातलाच. तो तयार करणारी निप्पॉन अ‍ॅनिमेशन ही संस्था ‘हायडी’ बनवणाऱ्या स्टुडिओतूनच १९७५ मध्ये उभी राहिली. जंगलात पानांवरचा उजेड हलताना बघत बसायला आपल्याला कुणी शिकवलं, याचं एक उत्तर तिथे आहे.)

आता ‘फ्रीरेन’कडे परत येऊ, कारण ही गोष्ट तिच्याइतकी उघडपणे मांडणारी मालिका अलीकडे मी पाहिलेली नाही. जिथे अशा कथा संपतात तिथे ती सुरू होते. दहा वर्षांचा प्रवास करून, राक्षसराजाला मारून चौघे वीर राजधानीत परततात. त्यातली फ्रीरेन ही एल्फ, हजार वर्षांहून जास्त जगलेली. त्या रात्री उल्कावर्षाव होतो. पन्नास वर्षांतून एकदा दिसणारा. ती सहज म्हणून जाते, की याहून छान दिसेल अशी जागा मला माहीत आहे, पुढच्या वेळी तुम्हाला तिथे नेते. आणि निघून जाते. पडद्यावर ती चालत असते, मंत्र गोळा करत असते, आणि पन्नास वर्षं अशी निसटतात की प्रेक्षकालाही त्यांचं वजन जाणवत नाही. परतते तेव्हा त्यांचा म्होरक्या हिम्मेल वाकलेला, टक्कल पडलेला म्हातारा झालेला असतो. सगळे मिळून तो उल्कावर्षाव बघतात. लवकरच हिम्मेल जातो. त्याच्या दफनाच्या वेळी तिला रडू फुटतं, कारण दहा वर्षं सोबत असून त्याला ओळखून घेण्याचा आपण प्रयत्नच केला नाही, हे तिला तेव्हा कळतं.

दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांनी मिनिटांची वाटणी कशी केली, ते बघण्यासारखं आहे. ज्या लढाईवर एरवी अख्खी मालिका उभी राहिली असती ती इथे दाखवलीच जात नाही. पन्नास वर्षं झरझर जातात. आणि वेळ मिळतो तो चार म्हाताऱ्यांच्या शेवटच्या पायपिटीला, कबरीवर पडणाऱ्या मातीला, रडणाऱ्या डोक्यावर ठेवलेल्या हाताला. पुढच्याच भागात फ्रीरेन हिम्मेलच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावाकडचं एक निळं फूल शोधत महिनेच्या महिने घालवते, आणि सोबतच्या कोवळ्या फर्नला, माणसाच्या मापाने जगणाऱ्या मुलीला, ते परवडेनासं होतं. लांब आयुष्याची एक आणि छोट्या आयुष्याची एक, अशा दोघी एकाच वाटेवर चालत आहेत. सबंध मालिकेचा विषय हाच आहे, आणि तो कुणी संवादात सांगण्याआधी पहिल्या भागाच्या वाटणीत मांडून झालेला असतो.

याच साइतो यांनी एक वर्ष आधी, २०२२ च्या ऑक्टोबरात, ‘बोच्ची द रॉक’ केली होती. तिची नायिका लोकांसमोर यायला इतकी घाबरते, की पहिल्याच कार्यक्रमात आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून गिटार वाजवते. तिथे कुणी नुसतं ‘नाव काय तुझं’ विचारलं तरी तिच्या मनातल्या गोंधळाला पडदा मिनिटभर मोकळा सोडला जातो. एक क्षण फुगून केवढा होतो! दिग्दर्शक तोच, पण काळाचं माप पार उलटं. म्हणजे हे माप दिग्दर्शकाच्या सवयीतून येत नाही. ते त्या-त्या गोष्टीच्या पोटातून येतं आणि चांगला दिग्दर्शक ते ओळखतो.

मग ‘मादोका’ने सगळ्यांना फसवलं त्याचं काय? तिचा पहिला भाग पुन्हा बघा. तो सुरू होतो काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या मार्गिकेतून धावणाऱ्या मादोकाने. बाहेर उद्ध्वस्त शहर आणि एकटी लढणारी, अनोळखी मुलगी. मादोका जागी होते, ते स्वप्न ठरतं. आणि सकाळी तीच मुलगी, होमुरा, नवी विद्यार्थिनी म्हणून वर्गात येते. ती मादोकाकडे पहिल्यांदा भेटल्यासारखी बघतच नाही. होमुरा हा महिना पुन्हा पुन्हा जगत आली आहे, हे दहाव्या भागात कळतं. पण काळ इथे सरळ चालत नाही, तो मागे वळतो, ही खूण पहिल्या दोन मिनिटांत दिलेली होती. गोडवा खोटा होता. काळ खोटा नव्हता.

यातून एक गोष्ट ओघाने येते, आणि ती नकाराबद्दल आहे. ‘फ्रीरेन’चा पहिला भाग बघून ‘यात काही घडतच नाही’ म्हणत कुणी ती सोडली, तर त्याने घाई केली असं मी म्हणणार नाही. त्याने मालिका बरोबर वाचली. पुढच्या २७ भागांतही ती अशीच वाटेत बसणार, फुलं बघणार, एखाद्या गावात महिनाभर मुक्काम करणार. त्याला त्या चालीने चालायचं नसेल तर त्याचा नकार पक्क्या पायावर उभा आहे. उलट ‘चित्रं काय सुंदर आहेत’ एवढ्यावर मालिका धरणाऱ्याच्या हाती फारसं काही आलेलं नसतं.

मात्र पहिल्या भागाने दाखवलेला काळ मालिका नेहमी पाळते, असंही नाही. २०१९ च्या जानेवारीतल्या ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा पहिला भाग अनाथालयातली उन्हाची सकाळ, परीक्षा, पकडापकडी असा निवांत चालतो. मग दत्तक गेलेल्या छोट्या कॉनीचा विसरलेला ससा द्यायला दोन मुलं दारापर्यंत जातात आणि मालिकेचा श्वास अडकतो. त्यानंतरचे अकरा भाग ती श्वास रोखूनच चालते. मुलांची नजर अनाथालय सांभाळणाऱ्या ‘आई’वर, तिची मुलांवर, आणि एकेका पावलाला हिशेब. १८१ प्रकरणांच्या मांगातली जेमतेम पहिली ३७ त्या हंगामाने घेतली. २०२१ मध्ये दुसरा हंगाम आला तो अकरा भागांचा. उरलेली सगळी कथा त्यात कोंबली गेली, मधलं एक मोठं पर्व पूर्ण गाळलं गेलं, आणि शेवटी तर घटना स्थिर चित्रांच्या मालिकेसारख्या डोळ्यांसमोरून सरकवल्या गेल्या. पात्रं तीच, आवाज तेच, स्टुडिओही तोच होता. पहिल्या हंगामात त्या दोन मुलांतली एमा दाराकडे चार पावलं टाकायची तर आपल्या छातीत धडधडायचं. दुसऱ्यात ती अख्खं जग ओलांडून जाते आणि आपल्याला काहीच होत नाही.