कशावरून?

शेजारच्या मुलीने एम.ए.चा लघुशोधनिबंध वाचायला आणून दिला. विषय आमचीच नगर हवेली. पहिल्या पानावर ‘२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले’ या वाक्याला तिने तीन तळटीपा जोडल्या होत्या. अगं, ही तारीख इथलं शाळकरी पोरही झोपेत सांगेल! पुढच्या पानावरचं ‘मराठ्यांनी हा मुलूख पोर्तुगीजांना कायमचा तोडून दिला’ हे वाक्य मात्र बिनआधाराचं. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘कशावरून?’

याच मुद्द्यावर भारत आणि पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडले. १७७९चा तह निघाला, १७८३ आणि १७८५च्या सनदा निघाल्या. मुलूख दिला, की नुसता वसूल? १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, मराठ्यांनी दिला तो जहागीर-सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली, ती गोष्ट वेगळी. जिथे दोन देश कागद घेऊन उभे राहिले, तिथे आपण तळटीप गाळायची?

तळटिपांपेक्षा मुलांचं सगळं लक्ष मजकुरातलं साम्य मोजणाऱ्या यंत्राच्या दहा टक्क्यांवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार तेवढ्या साम्याला दंड नाही. पण दुसऱ्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत घोळवून लिहिला की यंत्र बहुधा गप्प बसतं. ती उधारी आपल्यालाच ठाऊक असते.

शेवटचं प्रकरण वारली लग्नचौकाचं. तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो कशा काढतात, मधे पालघट देवी कशी येते, सगळं सुरेख उतरलंय. पण दर दोन ओळींनी ‘असे मानले जाते’.

“कोण मानतं?”

“खानवेलकडच्या एका आजींनी सांगितलं, काका. दोन दुपारी बसले होते त्यांच्या ओटीवर.”

“मग तसं लिही की.”

“पण त्या काय पुस्तक आहेत?”

छापील पुस्तकाला लेखक आणि आजीला ‘लोकपरंपरा’, ही वाटणी मला पटत नाही. ज्याने पुस्तकात लिहिलं, तोही कुणाच्या तरी ओटीवर बसलाच असेल. नाव, गाव, भेटीची तारीख, एवढं लिहिलं की झाली तळटीप.

तारखेच्या तीन तळटीपा तिने माझ्यासमोरच खोडल्या. रविवारी ती पुन्हा खानवेलला जाणार आहे. नाव छापलं तर चालेल का, हे आजींना विचारायचं राहिलंय.