दार उघडणारा

आजच्या काळातली एखादी मुलगी अचानक अँग्लो-सॅक्सन इंग्लंडात जाऊन पडते आणि तिथल्या एका सरदाराच्या प्रेमात गुंतते, अशा कादंबऱ्या मी आवडीने वाचतो. तशी एक लिहायलाही घेतली होती. साल १०६६, हेस्टिंग्जची लढाई तोंडावर आलेली. नायक शूर, दिलदार, देखणा. पण नायिका त्याच्या दारी पोचली आणि माझी लेखणी अडली. दार उघडणारा माणूस गुलाम होता!

लढाईनंतर अवघ्या २० वर्षांनी, १०८६ साली, झालेल्या 'डूम्सडे बुका'च्या पाहणीत सुमारे २८ हजार गुलामांची नोंद आहे. माणसे विकत घेणाऱ्यावर माझ्या नायिकेने प्रेम करावे काय? 'तो काळच तसा होता,' असे म्हटले की आपली सुटका होते खरी. पण हेच वाक्य त्या गुलामाला ऐकवून पाहा. काळ त्याचाही तोच होता!

शेवटी मी ठरवले : प्रेम करो बापडी, पण दार उघडणाऱ्याचे नाव तिने आधी विचारावे. हजार वर्षांनी आपल्याही दारी कुणी येईल. तो आपल्यावर लोभ करील. पण दार कुणी उघडले, हे विसरणार नाही.