दुःश्रुती

पुस्तक वाचणाऱ्या सुनेचं आमच्या आत्याबाईंना कौतुक होतं; पण पुस्तक कशाचं आहे, हे त्या विचारून घेत. एका दशलक्षण पर्वातली दुपार. मी आबिड्सच्या फुटपाथवरून रविवारी आणलेली एक इंग्रजी कादंबरी घेऊन गॅलरीत बसले होते. मुखपृष्ठ निम्मं फाटलेलं.

"कशाचं गं हे?"

"खुनाचं. म्हणजे खुनी शोधून काढणाऱ्या बाईचं."

"खून कसा केला तेबी सांगितलंय?"

"सांगितलंय."

"आन् वाचवतं तुला?" त्या क्षणभर थांबल्या. "याला दुःश्रुती म्हणतात, बाई." आणि माळ घेऊन आत गेल्या.

शब्द मला नवा नव्हता. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती म्हणून एक व्रत आहे. ज्याची गरज नाही असं पाप करू नये, एवढाच त्याचा अर्थ. पोटासाठी, घरासाठी जे घडतं ते घडतं. पण नुसतं रिकामपणी कुणाचं वाईट चिंतणं, कुणाला पापाचा सल्ला देणं, हत्यार उसनं देणं, उगाच पानं तोडत बसणं, हे सगळं अनर्थदंडात येतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या यादीत दुःश्रुतीही आहे: मन कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकणं. छापखाने नसतानाच्या काळात ऐकणं म्हणजेच वाचणं. आत्याबाईंचं बरोबर होतं. पुस्तक मात्र मी खाली ठेवलं नाही, कारण बासष्टाव्या पानावर होते.

ते पुस्तक जे. ए. जान्स या अमेरिकन लेखिकेचं 'डेझर्ट हीट', 1993 सालचं. ॲरिझोना राज्यात मेक्सिकोच्या सीमेला लागून कोचीस काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. सोळा हजार चौरस किलोमीटरचा कोरडा मुलूख, निवडुंग, डोंगर, आणि तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर उरलेलं बिस्बी हे जिल्ह्याचं गाव. लग्नाचा दहावा वाढदिवस म्हणून जोआना ब्रेडी नवऱ्याची वाट बघत बसली आहे. तो डेप्युटी शेरीफ, आणि यंदा शेरीफच्या निवडणुकीला उभा. तो येत नाही. ती शोधायला निघते, तर घरापासून जवळच रस्त्याकडेला तो गोळी लागून पडलेला. वर लोक म्हणायला लागतात की त्यानंच स्वतःला मारून घेतलं, त्याचे हात काळ्या धंद्यात होते. विमा एजन्सीत नोकरी करणारी ही बाई नवऱ्याचं नाव धुऊन काढते, आणि पुढे त्याच्या जागी स्वतः निवडणूक लढवून शेरीफ होते. तिथं शेरीफ लोकांनी निवडून द्यायचा असतो. पोलीसही त्याच्या हाताखाली आणि जिल्ह्याचा तुरुंगही. पुढच्या पुस्तकांत मग तुरुंगातलं जेवण, गाड्यांचं पेट्रोल, रुसलेली आई, शाळेतली मुलगी जेनी, आणि मेलेल्याच्या घरी जाऊन दार वाजवणं. मला वाटतं, या मालिकेतलं सगळ्यात कठीण काम हे दार वाजवण्याचं आहे. गोळीबाराची पानं मी विसरले, पण ती दारं लक्षात आहेत.

लेखिकेचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1964 साली विद्यापीठात सर्जनशील लेखनाच्या वर्गाला तिला प्रवेश नाकारला, मुलगी म्हणून. त्याच वर्गात पुढे तिच्या नवऱ्याला जागा मिळाली. त्याचं दारूनं वाटोळं झालं. ही दोन पोरं सांभाळत, विमा विकत, पहाटे चारला उठून लिहीत गेली. असो.

जोआना वाचताना मला सारखी दुसरी एक बाई आठवायची. हैदराबादहून गुलबर्ग्याकडे गाडीनं जाताना मळखेड रोड स्टेशन लागतं. ते मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. त्या राष्ट्रकूटांच्या राज्यात, कृष्ण दुसरा याच्या काळात, इ. स. 911च्या सुमारास, बनवासी प्रांतातल्या नागरखंड-सत्तर या सत्तर गावांच्या विभागाचा गावुंड वारला. त्याची जागा राजानं त्याच्या बायकोला दिली. तिचं नाव जक्कियब्बे. ती जैन होती. आताच्या शिवमोग्गा जिल्ह्यात बंदळिके इथं तिचा शिलालेख आहे. तिनं सत्तर गावांचा कारभार चांगला चालवला, जिनशासनावर तिची निष्ठा होती, आणि आजारानं घेरल्यावर कारभार मुलीकडे सोपवून बंदळिकेच्या बसदीत सल्लेखना घेऊन तिनं देह ठेवला, असं तो लेख सांगतो. नवरा गेला, अधिकार आला, मागे मुलगी. अकराशे वर्षांचं अंतर सोडलं तर कोचीस काउंटी फार लांब नाही.

शिलालेख स्तुतीचा असतो, त्यामुळे मला जे विचारायचं आहे ते त्यात नाही. सत्तर गावं म्हटली की चोर आले, बांधावरून डोकी फुटणं आलं. जक्कियब्बेनं कुणाला फटके द्यायला सांगितले असतील का? आणि सांगून घरी आल्यावर सामायिकाला कशी बसली असेल?

शास्त्रात यावर उत्तर आहे. हिंसा चार प्रकारची: ठरवून केलेली ती संकल्पी, चूल-उखळातली आरंभी, धंद्यातली उद्योगी, आणि स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. गृहस्थानं संकल्पी सोडलीच पाहिजे. बाकीची जमेल तितकी कमी करावी. श्रवणबेळगोळचा बाहुबली ज्यानं उभा केला तो चामुंडराय सेनापतीच होता. म्हणजे जोआनाच्या कमरेचं पिस्तूल आमच्या धर्माला अगदीच परकं नाही. मालिकेतल्या एका पुस्तकाचं नावच 'शूट, डोन्ट शूट' आहे. ती शेरीफ झाल्यावर पोलीस प्रशिक्षणाला जाते तेव्हाचं. समोर प्रसंग उभा करतात आणि क्षणात ठरवायचं, गोळी घालायची की नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमाद येतो, मग प्राण घेणं. बेसावधपणाच हिंसेचं मूळ. हे त्या नावाइतकं थोडक्यात मला कुठं भेटलेलं नाही.

इथवर माझी गाडी छान चालली होती. आत्याबाईंना गाठून हे सगळं ऐकवायचंही ठरवलं होतं. मग ती सकाळ आली.

चिक्कडपल्लीत सिटी सेंट्रल लायब्ररीच्या मागच्या अंगाला आम्ही राहायचो. नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं पहाटेपासून तिथं जागा धरायला येतात, त्यामुळे गल्ली लवकर जागी होते. त्या सकाळी आरडाओरड झाली म्हणून मी गॅलरीत गेले. खाली विजेच्या खांबाला एक मुलगा बांधलेला, सतरा-अठरा वर्षांचा. शेजारच्या अपार्टमेंटच्या तळघरातून पाण्याची मोटर काढताना सापडला होता. दोन महिन्यांपूर्वी आमचीही मोटर गेली होती, आणि आठ दिवस मी बादल्या वाहिल्या होत्या. लोक त्याला मारत होते. चपलेनं, पट्ट्यानं, एकानं पाइपच्या तुकड्यानं. तो "नक्को भाई, नक्को" म्हणत होता. आणि मी, गॅलरीत उभी राहून, मोठ्यानं नाही पण स्पष्ट म्हटलं, "बरं झालं."

मग जीप आली. तिच्यातून एक बाई सब-इन्स्पेक्टर उतरली, बरोबर एकच होमगार्ड. माझ्याहून बारीक अंगाची असेल. ती सरळ जाऊन मुलाच्या पुढ्यात उभी राहिली, त्याच्याकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून. लाठी हातात होती, उचलली नाही. तेलुगूत काहीतरी बोलली, मला वरून ऐकू आलं नाही. गर्दी दोन पावलं मागे सरली. होमगार्डनं दोरी सोडली. जीपमध्ये बसवताना मात्र तिनंच त्याला एक सणसणीत चापट ठेवून दिली. ती चापट कोणत्या प्रकारात बसते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी गोष्ट मात्र स्पष्ट होती. कृत, कारित, अनुमोदित: केलेलं, करवलेलं आणि भलं म्हटलेलं, तिन्ही सारखीच. मी हात लावला नव्हता. बटाटा न खाणारी, सूर्य मावळायच्या आत जेवणारी बाई. माझ्या वाटणीची हिंसा खाली लोक करत होते आणि माझ्या वाटणीचं रक्षण ती सब-इन्स्पेक्टर. मला गॅलरी पुरेशी होती.

त्या रात्री कादंबरी उघडली आणि एक गोष्ट लक्षात आली, जी तीस-चाळीस रहस्यकथा वाचूनही आली नव्हती. खून वाचताना मी कधी सुखावत नाही. तिथं मी सावध असते, कुणाचं काय गेलं ते मोजत असते. सुखावते शेवटच्या वीस पानांत, खुनी कोंडीत सापडतो तेव्हा. तो धडपडावा, त्याला लागावं, जमलं तर मरावा, अशी घाई मला झालेली असते. त्या घाईला शास्त्रात हिंसानंदी रौद्रध्यान म्हणतात. आत्याबाई खुनाबद्दल विचारत होत्या आणि मी खुनाबद्दल उत्तरं जुळवत होते, आणि दुःश्रुती बसली होती न्यायाच्या पानांत. जोआना त्या वीस पानांत बहुतेकदा माझ्यापेक्षा कमी खूश असते. तिला नंतर कागद भरायचे असतात, आणि मुलीला शाळेतून आणायचं असतं.

रहस्यकथा मी सोडल्या नाहीत. शेवट मात्र आता सकाळी वाचते, अंथरुणात नाही.

आत्याबाईंना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, अगदी "बरं झालं"सकट. त्या गहू निवडत होत्या. चापटीबद्दल काही बोलल्या नाहीत, कादंबरीबद्दलही नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "किती वेळ बांधला होता?"

"तासभर तरी असेल."

"पाणी दिलं का कुणी त्याला?"

आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी पाणी दुपदरी फडक्यातून गाळतात, न दिसणारे जीव मरू नयेत म्हणून. त्या सकाळीही मी गाळून ठेवलं होतं. कळशी भरलेली होती.