सटवाईनं लिहिलेलं

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. मी चेन्नईत एमआरआय काढते. कपाळामागचं मला पडद्यावर दिसतं.

आईकडून एचआयव्ही आलेल्या मुलाच्या मेंदूत विषाणू फार लवकर शिरू शकतो. मग मेंदूतल्या तारा, म्हणजे पांढरा भाग, नीट घडत नाहीत. चालणं-बोलणं मागे पडतं. शेजारच्या काकू म्हणतात, पूर्वजन्मीचं. मला हे कधीच पटलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ चाचणीचे निष्कर्ष 2008 साली आले: जन्मानंतर 6 ते 12 आठवड्यांतच औषध सुरू केल्यावर बालमृत्यू 76 टक्क्यांनी घटले. गेल्या जन्मीचं पाप सातव्या आठवड्यातल्या सिरपनं धुऊन निघतं, तर ते पाप होतं की नुसता उशीर?

अर्थात काकूही अगदी हरत नाहीत. लवकर औषध मिळालेल्या मुलांच्याही पांढऱ्या भागात पुढे पाचव्या वर्षी फरक आढळले. काहीतरी लिहिलेलं उरतंच.

याच चेन्नईत 1986 साली, मद्रास मेडिकल कॉलेजात, डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातली पहिली एचआयव्ही प्रकरणं शोधली. 1993 मध्ये सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावानं एचआयव्हीसाठीचं केंद्र काढलं. मला ते कुठल्याही प्रायश्चित्तापेक्षा मोठं वाटतं.

स्कॅननंतर आया मात्र माझ्याकडे पाहून एकच विचारतात, “माझ्यामुळंच ना?” कर्मसिद्धांत त्यांच्याच वाट्याला का, ते काकूंनी अजून सांगितलेलं नाही.